माळेतला मारुती
रिठ्याच्या पाण्यात सोनं धुतल्याचा वास आला की मला बोनकोड्यातली आमची घरमालकीण आठवते. नव्वदच्या दशकात एकदा मी तिच्यासोबत सोनाराकडे गेले होते. लेकीच्या लग्नासाठी तिला आजेसासूची पुतळ्यांची माळ मोडून नव्या घडणीचा हार करायचा होता. सोनाराने एक झिजलेली पुतळी रिठ्यात धुऊन भिंगाखाली धरली. "मावशी, ही आपल्याकडची नाही. व्हेनिसचं जुनं नाणं आहे, डुकॅट. सोनं इतकं चोख की देशोदेशीचे व्यापारी ते डोळे मिटून स्वीकारायचे. आपल्या पुतळ्या याच्याच नकला. हा उभा त्यांचा संत, गुडघ्यावर बसलाय तो त्यांचा राजा." तिने वाकून पाहिलं. "यो राम, नं पायाशी मारुती. रोज पाया परतो आमी." सोनार हसला, ती हसली नाही. "सोना खरा हाय ना?" "शंभर नंबरी." "मंग देव पन खराच," म्हणत तिने तेवढी पुतळी पदराला बांधली आणि बाकीच्या आटवायला दिल्या. परवा एका संग्रहालयात काचेआड तसंच नाणं दिसलं. खालच्या पाटीवर संताचं नाव होतं. पाटी पूर्ण वाचून झाली, तेव्हा माझे पाय चपलांबाहेर होते.