खडूचे आकडे

पहाटे साडेचारला जाग आली. गवंडीकाम सोडून सहा वर्षं झाली, पण शरीराला ते कोणी कळवलेलं नाही. सातला माझी बायको डेल्मा उठली, तोवर मी स्वयंपाकघरातल्या फरशीत चार चुका शोधून ठेवल्या होत्या. फरशी तिच्या भावानं बसवलेली.

"आज व्हर्डाबाईंच्या म्युझियमला जा," ती म्हणाली. "तिथल्या माणसांना मरून दोनशे वर्षं झालीत. त्यांच्या चुका काढ."

म्युझियम म्हणजे ओहायो नदीच्या काठावरचं एक ओंडक्यांचं घर, आणि शेजारच्या कोठारात नांगर, चरखे, अस्वलाचं कातडं. हे घर प्रूइट नावाच्या माणसानं १७९८ साली डोंगर ओलांडून येऊन वरच्या दरीत बांधलं. १९७६ साली, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली तेव्हा, गावानं ते उतरवून इथं आणलं, ओंडका ओंडका, दगड दगड. उतरवणाऱ्यांत मीही होतो, एकोणीस वर्षांचा. त्यानंतर मी आत पाऊल टाकलं नव्हतं. कोणी विचारलं तर गुडघेदुखीचं निमित्त पुढे करायचो.

व्हर्डाबाई क्रॉस आता नव्वदीच्या आहेत. तिसरीत मला त्याच शिकवायला होत्या. डोक्याला प्रूइटच्या काळातलं पांढरं टोपडं बांधून त्या आठ-दहा पाहुण्यांना घर दाखवत होत्या. काठी दगडी चुलीकडे वळवून म्हणाल्या, की आणताना प्रत्येक दगडावर आकडा घातला होता आणि दगड होता तिथंच परत बसवला. ही रचना प्रूइटच्या हातची. आजच्या गवंड्यांना जमेल का अशी?

एक पाहुणा म्हणाला, छे, जन्मात नाही. मीही मान डोलावली. छाती मात्र फुगली, कारण ती रचना माझी होती.

माझा उस्ताद क्लाइड हॅमरिक यानं बजावलं होतं, आकडे रंगानं घाल. रंगाचा डबा वर रस्त्यावर, ट्रकमध्ये होता. चढण उभी. खिशात खडू होता. त्या रात्री पाऊस पडला, आणि सकाळी एकशे चाळीस दगड न्हाऊन माझी वाट बघत बसलेले. क्लाइड पाठ धरून घरी पडला होता. नऊ दिवस खपून मी चूल आणि धुराडं माझ्या अंदाजानं रचलं आणि सगळ्यांना सांगितलं, होतं तसंच आहे. दहा मिनिटांची चढण वाचवायला नऊ दिवस घाम गाळला. पुढे चाळीस वर्षं हाताखालच्या पोरांना आळशी म्हणून शिव्या घातल्या, त्या बहुधा याच अनुभवाच्या जोरावर.

पाहुणे कोठाराकडे गेले. मी चुलीजवळ वाकलो, आणि छाती बसली. डाव्या बाजूच्या दगडाचे पापुद्रे सुटत होते. दगड खाणीत जसा आडवा झोपलेला असतो, तसाच भिंतीत झोपवायचा. हा मी उभा केला होता. उंचीला बरोबर बसला, म्हणून. चुलीच्या तोंडावरची जड शिळा त्याच्यावरच टेकलेली. नखानं खरवडलं तर तळहाताएवढी खपली हातात आली.

बाई मागं उभ्या होत्या. "दोनशे वर्षांची धग," त्या कौतुकानं म्हणाल्या. "शनिवारी इथं विस्तव पेटवून घेवड्याची उसळ शिजवायचीय. शाळेची मुलं समोरच बसणार आहेत."

गप्प राहिलो असतो तर कोणाला कळलं नसतं. शिळा खाली येईपर्यंत.

"बाई, विस्तव पेटवू नका," मी म्हणालो. "हे प्रूइटचं काम नाही. माझं आहे."

मग खडू, पाऊस, सगळं सांगितलं. बाई बाकावर बसल्या आणि टोपडं काढून मांडीवर ठेवलं.

"म्हणजे एवढी वर्षं मी लोकांना खोटं सांगतेय."

"माझ्यामुळे."

"तिसरीत पाढ्यांची वही हरवली म्हणालास. तेव्हाही पाऊसच पडला होता, एमेट."

वही पावसानं नेली नव्हती, हे मी त्याच वेळी कबूल करून टाकलं. दोन कामं एका खेपेत.

दुसऱ्या दिवशी हत्यारं घेऊन गेलो. एका दिवसाचं काम म्हणालो होतो, तीन दिवस लागले. पैकी एक दिवस नुसता खाली बसण्यात आणि उठण्यात गेला. शिळेला टेकू दिला, उभा दगड काढला, नवा घडवून आडवा झोपवला. चुना ओला, म्हणून शनिवारची उसळ अंगणात शिजली. जरा करपली. डेल्मानं पाहुण्यांना सांगितलं, तेही याचंच काम.

म्युझियमच्या समितीनं तीन दिवसांची मजुरी दिली. मी नको म्हणालो. बाई म्हणाल्या, घे, त्यातून चुलीवर पितळी पाटी लाव. मजकूर त्यांनीच लिहून दिला:

"दगड प्रूइटचे, १७९८. रचना एमेट हफची, १९७६. डावा दगड पुन्हा, २०२५."

रंगवलेली पाटी स्वस्तात झाली असती. पण बाईंची अट होती, अक्षरं कोरलेलीच हवीत. सगळी मजुरी त्यात गेली.