येसूबाईंची शिवणारीण

येसूबाई गुरवांच्या पत्रावळीत आमटी थांबत असे. कोकणातल्या लग्नात जमिनीवर पंगतीला बसून जेवलेल्यांना याचं मोल कळेल.

पूर्णगडपासून बारा-तेरा मैल आत असलेल्या त्या गावात मी आठ वर्षं मुख्याध्यापक होतो. शाळेमागे पायवाट, तिच्यापलीकडे जांभ्या दगडांचा कमरेइतका गडगा आणि गडग्याच्या आत नवलाई देवीची रहाटी, म्हणजे देवीच्या नावानं राखलेलं जंगल. तिथली वाळली काडीसुद्धा देवीचा कौल घेतल्याशिवाय उचलायची नाही, हा गावाचा नियम. नवरा वारल्यावर पूजा येसूबाईंचा दीर विठू याच्याकडे गेली. झाडलोट आणि सांजेचा दिवा येसूबाईंकडे राहिला. पत्रावळीसाठी त्या कुड्याच्या झाडाची पानं खुडत, ती गडग्याबाहेरची. आतली पानं जास्त रुंद होती. पण त्यांनी तिकडे कधी हात लांब केला नाही.

१९८४ च्या भाद्रपदाच्या शेवटी रत्नागिरीच्या कॉलेजातले काशीराम घाग नावाचे तिशीतले प्राध्यापक गावात आले. वडील पूर्णगडचे, बोटीवर नोकरीला. मुलगा मात्र कोळी शोधत रानात फिरणारा. "जंगलाची माहिती असलेलं कुणी आहे का?" असं त्यांनी विचारलं आणि मी त्यांना येसूबाईंच्या ओटीवर नेलं. त्या पत्रावळ लावत होत्या.

"कोळी? कुठला पायजे? उड्या मारणारा, पाण्यावरनं चालणारा, का माझ्यासारखा पानं शिवणारा?"

घागांनी मिटलेली वही पुन्हा उघडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी येसूबाईंनी आम्हाला गडग्याबाहेरच्या एका कुड्यापाशी नेलं. एक पान लांबीत दुमडून कडेनं पांढऱ्या धाग्यानं जोडलेलं होतं. आत मधाच्या रंगाची, पाठीवर पांढरी रेघ असलेली कोळीण. येसूबाई तिला शिवणारीण म्हणत. घागांनी तिला बाटलीत घेऊन भिंगाखाली बराच वेळ न्याहाळलं.

"ही मी कुठल्याच पुस्तकात पाहिलेली नाही, काकी," ते म्हणाले. "पण ही मादी आहे. नर मिळाला तरच ही जात नवी की जुनी ते सांगता येईल. नराच्या तोंडाजवळची दोन बोटं प्रत्येक जातीत वेगळी असतात."

"नर नाय बघितला कधी. तिचा लेक तेवढा असतो पानात. बारकासा. तोंडाशी मुठी आवळल्यासारखं कायतरी."

"मुठी?" घाग भिंग खाली घेत म्हणाले. "काकी, मुठी असतील तर तो लेक नव्हे. तो तिचा घोव."

"एवढासा?" येसूबाई पानाकडे बघत राहिल्या. "वीस वर्सं मी त्याला लेक समजत्ये. आणि ही बया त्याच्याशी संसार करत्येय."

असे जोडीदार रहाटीत तीन-चार पानांत त्यांनी झाडताना पाहिले होते. गडग्याबाहेर एकही नव्हता. म्हणून कौल लावायचं ठरलं.

घागांना तो नुसता उपचार वाटला असावा. विठू देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी ओल्या कळ्या चिकटवत होता तेव्हा यांच्या हातातल्या बाटलीचं झाकण आधीच निघालं होतं. गावाचे मानकरी भागोजी गावकर शेजारी उभे होते. डावीकडची कळी आधी पडली.

"नाय," विठू म्हणाला.

"एकच कोळी हो," घाग म्हणाले. "नखाएवढा."

"आज नखाएवढा दिला तर उद्या कोण बोटाएवढा मागंल," भागोजी म्हणाले. "परवा माझाच पोरगा मुंबैवरनं यील आणि घराला वासा मागंल. त्याला काय सांगू?"

घागांनी बाटलीला झाकण लावलं. रविवारी त्यांची रजा संपत होती, आणि दिवाळीनंतर हे नर दिसत नाहीत असं येसूबाई सांगत होत्या. म्हणजे वर्ष गेलं.

देवळाच्या पायरीवर येसूबाईंनी भागोजींना गाठलं. "दादा, रहाटीतलं पान वाऱ्यानं गडग्याबाहेर पडलं, तर कुणाचं?"

"उचलंल त्याचं."

"आणि आपल्या पायानं जो बाहेर आला, तो?"

"वयनी, तू वकिलीण व्हायची होतीस."

"मी नुसती इचारत्ये."

भागोजींनी पान जुळवलं, चुना लावला, खाल्लं. "आला तर आला. बोलवायचा नाय."

"कोण बोलवतंय? त्याची बायको तिच्या घरात बसलेली आसंल."

म्हणजे ती मादी परत तिच्या पानात ठेवायची. घागांनी बाटली पुढे केली खरी, पण हातातून सोडवेना. पक्ष्यानं टिपली, पावसात गेली, तर नर नाही आणि मादीही नाही. येसूबाई हात पुढे करून थांबल्या. शेवटी घागांनी बाटली दिली. रविवारच्या एस्टीनं ते गेले.

नवरात्राच्या पत्रावळी येसूबाईंनी गडग्यापाशी बसून लावल्या. मधल्या सुट्टीत मी चक्कर मारी. सहाव्या दिवशी त्यांनी सांगितलं, "सकाळी आलावता. गडग्याच्या माथ्यावर घटकाभर बसला आणि मागं फिरला."

"हात पोचत नव्हता?"

"पोचत होता की."

"मग?"

"बाहेर कुठं आलावता, गुरुजी?"

मी घागांना काय लिहावं या विचारात पडलो. नवव्या दिवशी तो पुन्हा आला, दगडांवरून उतरला, कुड्यावर चढला आणि पानात शिरला. येसूबाईंनी तरी बाटली उचलली नाही. "एक दिवस नांदू दे."

"अहो, काही माद्या नराला खातात," मी घाबरून म्हणालो.

"मग तर बघायलाच पायजे."

दुसऱ्या दिवशी दोघंही शाबूत होती. मी ती दोन बाटल्यांत घालून रत्नागिरीला नेली आणि घागांच्या हवाली केली.

पुढे दीड वर्षानं टपालानं छापील निबंध आला. जात नवीच ठरली होती. नावात घागांनी नवलाईचं नाव गुंफलं होतं. मी ओटीवर बसून वाचून दाखवू लागलो, तेव्हा येसूबाईंनी मला नावापाशीच थांबवलं.

"कुठं गावली ते काय लिवलंय?"

मी ओळ शोधली. "देवराईच्या गडग्याबाहेर, कुड्याच्या पानात. येसूबाई गुरव यांनी पकडली."

"बाहेर, असंच हाय ना?"

"असंच आहे."

त्यांनी ती ओळ मला आणखी एकदा वाचायला लावली. संध्याकाळी भागोजींना ऐकवायची म्हणून पानाचा कोपराही दुमडायला सांगितला. मग विचारलं, "आणि शिवण्याचं?"

"पान दुमडून राहते, असं आहे."

"दुमडून तर कोणपण राहील. ती देठाकडनं सुरू करत नाय, टोकाकडनं करत्ये. आणि टाके आतनं घालत्ये. हे नाय लिवलं?"

नव्हतं लिहिलं.

"मग इतके दिवस बघितलं काय त्यांनी?" येसूबाईंनी सुपातली चोय, म्हणजे पानं टाचायची बांबूची बारीक काडी, उचलली, एक कुड्याचं पान माझ्यासमोर आडवं धरलं. "पोस्टाचं कार्ड हाय का खिशात? लिवा. पयला टाका हितं."