नरनाळ्यावरचा ‘बंदीखाना’

विहिरीवरच्या ओल्या दोराचा वास आला की माझं डोकं अजून तापतं. नरनाळा किल्ला बघायला आलेल्या इंग्रज साहेबाबरोबर मी कारकून म्हणून गेलो होतो. कमानीखालच्या दगडी टाक्यात डोकावून तो म्हणाला, “हा राजाचा बंदीखाना!” मी ते जमलेल्या लोकांना मराठीत सांगताच किल्ल्यावरच्या दर्ग्यासाठी फुलं घेऊन आलेली म्हातारी माळीण उसळली, “कायचा बंदीखाना? पान्याचं टाकं हाये हे! काठावरचे दोराचे वळ दिसून नाही रायले का साहेबाले?” खरंच, घागरी ओढून ओढून दगडाला बोटभर खाचा पडल्या होत्या. “काय म्हणते ही?” साहेबानं विचारलं. “आपलं बरोबर आहे म्हणते,” मी इंग्रजीत सांगितलं. मी तिचंच म्हणणं सांगितलं असं वाटून म्हातारीनं समाधानानं मान हलवली. पुढं तिथं ‘बंदीखाना’ अशी पाटी लागली. साहेबावर चिडायला जावं, तर पाटीवरचं अक्षर माझं आहे.