बॅलडमधली आई आणि विद्यापीठाची कमिटी

“सर, तो मानूस मेला का नाही मेला, तेवढं सांगून द्या. बाकीचं आमी पेपरात लिवून टाकू.”

देवरीचा मोतीराम बाकावरून उठून मला विचारत होता. वर्ग खो खो हसला. मी मात्र खूश झालो. गोंदियाच्या त्या नव्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागून मला चार महिने झाले होते आणि कवितेबद्दल कोणी स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

देश स्वतंत्र होऊन सातआठ वर्षं झाली होती. आमची बहुतेक मुलं धानाच्या गावांतून आलेली, त्यांच्या घरात कॉलेज पाहिलेलं माणूस नव्हतं. इंग्रजी म्हणजे नोट्स, अशी त्यांची समजूत. सरांनी सांगायचं, आपण उतरवून घ्यायचं, पाठ करायचं.

त्या दिवशी मी एक बॅलड घेतलं होतं. बॅलड म्हणजे गोष्ट सांगणारं जुनं लोकगीत. त्यातली म्हातारी नदीच्या घाटावर येणाऱ्या प्रत्येक नावाड्याला विचारते, माझा मुलगा कुठे आहे? एक नावाडी वाऱ्याबद्दल बोलतो. दुसरा मासळीच्या भावाबद्दल. तिसरा नाव वळवून निघून जातो. गाणं संपतं.

“मेला की नाही, ते कुठंच लिहिलेलं नाही,” मी म्हणालो.

“मग आमाले कसं समजन?”

“वाचून बघू. तू आई हो.”

मोतीराम गावच्या दंडारीत बाईचं सोंग घ्यायचा. त्या झाडीपट्टीच्या भागात दंडार म्हणजे रात्रभर चालणारं गाण्याबजावण्याचं नाटक. त्यानं डोक्यावर उपरणं घेतलं आणि अडखळत्या इंग्रजीत नावाड्यांना विचारायला लागला. पहिल्या प्रश्नाला वर्ग हसला. तिसऱ्याला कोणी हसलं नाही.

दारात प्राचार्य उभे होते. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं.

“हे काय चाललंय? पंधरा दिवसांनी विद्यापीठाची कमिटी येतेय. बी.ए.ला इंग्लिश लिटरेचर सुरू करायचं की नाही, ते ठरवायला. त्यांच्यासमोर हे सोंग करणार?”

“मुलांना त्यातून समजतंय, सर.”

“कमिटीला समजलं पाहिजे! नोट्स द्या. प्रश्नोत्तरं बसवून घ्या.”

त्यांचं चुकत नव्हतं. परवानगी मिळाली नाही, तर साहित्य घेऊ इच्छिणाऱ्यांना नागपूर गाठावं लागणार होतं. केशोरीची सुभद्रा गोंदियात मामाकडे राहून शिकत होती. वर्गात दोनच मुली, त्यातली ही एक. मामानं तिला बजावलं होतं, “गोंदियात हाये तवरी शीक. नागपूरले धाडनार नाही.” ती तास संपल्यावर येऊन विचारायची, “सर, आपल्या इथं होईल ना?” मी हो म्हणायचो. कशाच्या भरवशावर, ते मला ठाऊक नव्हतं.

मी चार दिवस नोट्स दिल्या. मुलांनी माना खाली घालून लिहिलं. पाचव्या दिवशी खडू खाली ठेवला आणि परत बॅलड काढलं.

कमिटी आली. काळ्या कोटातले एक वयस्कर प्रोफेसर मागच्या बाकावर बसले, शेजारी प्राचार्य. मोतीरामनं उपरणं घेतलं. प्राचार्यांनी कपाळावर हात ठेवला.

वाचन संपलं. प्रोफेसरांनी इंग्रजीत विचारलं, “मुलगा मेला, हे कवीनं स्पष्ट का सांगितलं नाही?”

मी काही सुचवणार, तेवढ्यात सुभद्रा उठली. इंग्रजी जुळेना, म्हणून आपल्या बोलीतच बोलायला लागली.

“सर, माहे बाबा बांबू तोडाले जंगलात गेलते. संगंचे मानसं वापस आले. मायनं विचारलं, हे कुठं हायेत? एक म्हने, औंदा पानी कमी हाये. दुसरा बैलाले पानी पाजू लागला. कोनीच तोंडातून काढलं नाही. मायले समजून गेलं.”

मला हे काहीच माहीत नव्हतं.

प्रोफेसर हळू आवाजात म्हणाले, “हेच इंग्रजीत सांगता येईल, बेटा?”

तिनं ओठांतल्या ओठांत शब्द जुळवले. मग म्हणाली, “नोबडी इज आन्सरिंग, सर. दॅट इज द आन्सर.”

प्रोफेसरांनी चष्मा काढून पुसला. दुसरा प्रश्न विचारला नाही. बाहेर पडताना प्राचार्यांना म्हणाले, “लायब्ररीत पुस्तकं वाढवा. बाकी ठीक आहे.”

परवानगी आली. पहिल्या तुकडीत सुभद्रा होती, मोतीरामही. सुभद्रा बी.ए. झाली आणि पुढे अर्जुनीकडच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवू लागली. एकदा मी तिकडे गेलो, तेव्हा तिच्या वर्गाबाहेर व्हरांड्यात उभा राहिलो. आत ती मुलांना विचारत होती, “तुमाले काय वाटते?” आणि उत्तरासाठी थांबत होती. पुरेसा वेळ थांबत होती. नोकरीत पुढे मला बढत्या मिळाल्या, सत्कार झाले; पण त्या व्हरांड्यात छाती जितकी फुगली, तितकी कधी फुगली नाही.

नव्या प्राध्यापकांना मी एवढंच सांगतो. कमिटीसाठी वेगळा तास तयार करू नका. मुलांसमोर जो चालतो, तो बहुतेक वेळा कमिटीसमोरही चालतो. कधी नाहीही चालत. पण मग निदान मुलांना तरी कविता कळलेली असते.