बाराशे कार्डं, हळदीची रेघ

परवा भाची आणि तिचा नवरा लग्नाचे फोटो अन् व्हिडिओ एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर न्यायला बसले होते. आधी पेनड्राइव्ह पुरेना, मग दोन्हींच्या मध्ये वायर जोडून झाली, शेवटी भाचीनं हार्ड डिस्कच उचलून शेजारच्या खोलीत नेली. "मावशी, एवढी माहिती हलवायची म्हणजे डोकं उठतं," ती म्हणाली. मी म्हटलं, "आमच्या वेळी ती एसटीनं जायची." दोघांना वाटलं, मी चेष्टा करतेय.

सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. मी आमच्या नगर जिल्ह्यातल्याच एका शेती संशोधन केंद्रात हंगामी नोकरीला होते. तिथं बाजरीच्या वाणांचे प्रयोग चालत. कुठल्या वाफ्यात किती कणसं, किती दाणे, किती सरमाड, म्हणजे वाळलेली ताटं, हे मी वहीत उतरवायचे आणि मग यंत्रावर बसून जाड कागदाच्या कार्डांना भोकं पाडायचे. एकेक भोक म्हणजे एकेक आकडा. अशी बाराशे कार्डं झाली की ती पुण्याला न्यायची, कारण ती वाचणारा कॉम्प्युटर तिथं होता, खोलीभर पसरलेला. त्याची वेळ आम्हाला महिन्यातून एकदा मिळे. ती हुकली की पुढचा महिनाभर बसा हात चोळत.

कार्डांचा क्रम मोडला तर सगळंच मुसळ केरात. एकेका वाफ्याची तीन कार्डं, आणि वाफ्याचा नंबर फक्त पहिल्यावर. तेवढेच कष्ट वाचतील, ही अक्कल माझीच.

पुण्याला मी जाते म्हटल्यावर हेडक्लार्क म्हणाले, "जाऊ द्या बाईंना. काही घोटाळा झालाच, तर पुढच्या वेळेपासून पुरुष माणूस पाठवू." हे त्यांनी इतक्या गोड आवाजात सांगितलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेव्हा माझा राग नाकाच्या शेंड्यावरच असायचा. आता वयानं तो थोडा खाली उतरलाय.

कार्डांचा खोका घेऊन मी आमच्या गावी, बेलापूरला, घरी आले, तो दिवस खंडेनवमीचा. पडवीत कुळव, विळे, खुरपी धुऊन मांडली होती आणि आई पूजा करत होती. मी खोका उघडून कार्डं एकदा नजरेखालून घातली आणि हातपाय धुवायला गेले. परत येऊन बघते तर कार्डांच्या वरच्या कडांवर दोन रेघा, एक हळदीची, एक कुंकवाची. बसल्या जागेवरून हात लांब करून ओढलेल्या, म्हणून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरक्या.

"आई, हे काय केलंस?"

"हत्यारं पुजली. ह्ये तुजं हत्यार हाय न्हवं?"

"आणि मशीनमध्ये अडकलं म्हणजे? तुला काय कळतंय त्यातलं?"

आई हळद-कुंकवाचा करंडा उचलून आत गेली. मी फडक्यानं पुसायला गेले, तर हळद आणखीच मुरली. दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं देतानाही मी तिच्याशी धड बोलले नाही.

त्याच्या पुढच्या दिवशी पहिल्या एसटीनं नगर गाठलं. दुपारी तीनला पुण्यात कॉम्प्युटरची वेळ होती. नगरच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीत चढताना मागून रेटा आला आणि खोका हातातून निसटला. सुतळी तुटली. कार्डं पार उसाच्या चिपाडांपर्यंत पसरली. गाडी निघून गेली आणि मी तिथंच फतकल मारून कार्डं गोळा करू लागले. मला हेडक्लार्कांचा गोड आवाज ऐकू येत होता.

एक फेटेवाले बाबा शेजारी येऊन बसले आणि कार्डं वेचायला लागले.

"ताई, निवडणुकीची हायेत का ही?"

"नाही, बाजरीची."

त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं, पण वेचायचं काही थांबवलं नाही. मी त्यांना सांगितलं की वेचून उपयोग नाही, यांचा क्रम मोडलाय. वहीशी ताडून बाराशे कार्डं लावायची तर संध्याकाळ होईल.

बाबा दोन कार्डं डोळ्यांजवळ धरून बसले होते. "आवं, ह्येची हळद हिकडच्या टोकाला हाय, अन् ह्येची पार तिकडं. रेघ तिरकी हुती ना? मग रेघ जुळवा की."

मी बघतच राहिले. प्रत्येक कार्डाच्या कडेवर हळदीचा ठिपका होता, आणि प्रत्येकाचा आपापल्या जागी. आम्ही बाकावर ठिपक्यांप्रमाणे ढीग लावले. बोटाची रेघ जाड, त्यामुळे दहा-वीस कार्डांची सरमिसळ राहायची, तेवढी मी वही बघून लावली. अकराच्या गाडीला मी खोका पोटाशी धरून बसले होते. बाबांनी बाहेरून विचारलं, "कुनी वढली हुती रेघ?" मी म्हटलं, "आईनं." लाज वाटत होती.

तीनला दहा कमी असताना पोहोचले. तिथल्या ऑपरेटरनं कार्डं नाकाशी नेली. "कसला वास येतोय हो?" मी म्हटलं, "पूजेचा." मशीननं सगळी कार्डं एका दमात गिळली आणि कागदावर बाजरीचे आकडे ओळीनं उमटले.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवलीस का?"

पुढच्या महिन्याचा खोका न्यायलाही मीच होते. आदल्या संध्याकाळी तो आईसमोर उघडून ठेवला, शेजारी करंडा ठेवला आणि म्हटलं, "आई, बोटं ओढ."

आईनं मान वर केली नाही. "मला काय कळतंय त्यातलं?" ती म्हणाली, आणि हळदीत बोट बुडवून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, या खेपेला अगदी सावकाश, तिरकी रेघ ओढली.