कलकलाटातलं इंग्रजी

नवागामच्या शाळेत माझ्या गणिताच्या वर्गाला लागूनच इंग्रजीच्या सरांचा वर्ग भरे. त्यांचा खेळ ठरलेला. अर्धी मुलं दुकानदार, अर्धी गिऱ्हाइकं, आणि सगळ्यांनी एकदमच इंग्रजीत घासाघीस करायची. मी वैतागून तक्रार केली, तर म्हणाले, "सर, यांचे बाप कापडाच्या कारखान्यात लूमच्या खडखडाटात असेच ओरडून बोलतात. गोंगाटात चूक ऐकू जात नाही, म्हणून पोरं तोंड उघडतात."

स्टाफरूममध्ये ते स्वतः मात्र इंग्रजीचा शब्द काढत नसत.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यांना इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी दारातून पाहत होतो. त्यांनी घाम पुसला आणि मुलांना म्हणाले, "चालू करा रे!" वर्ग दणाणला. साहेब कानामागे हात धरून वाकले, आणि हे भडाभडा इंग्रजी बोलू लागले.