चिंचेखालच्या गजराबाई

दिंडोरी सोडली आणि हेमंतने जीपच्या काचा खाली केल्या. द्राक्षांची काढणी चालू होती. बागेबागेच्या तोंडाशी क्रेट भरलेले ट्रॅक्टर उभे, बायका डोक्याला रुमाल बांधून घड कातरत होत्या. मागच्या सीटवर आमच्या शिडीचा आणि रंगाच्या डब्यांचा खडखडाट चालला होता. हेमंत सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करतो, मी शाळेत चित्रकला शिकवते. सुट्ट्या जुळल्या की आम्ही दोघं गडवाटांवरच्या गावांत जाऊन भिंती रंगवतो. बोलावणं आलं तरच जातो, हा एवढाच नियम.

या वेळचं बोलावणं बागलाणातून होतं. सटाण्याच्या पुढे, किल्ल्याच्या पायथ्याशी गाव. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सरपंच कल्पनाताईंचा फोन होता: "गडावर जानारी पोरं गावातून सरळ निघून जातात. थांबायला काहीतरी पाहिजे. आमच्या चिंचेचं चित्र काढून द्या."

वणी, कळवण, सटाणा मागे पडलं तसे डोंगर जवळ आले. सपाट माथ्याचे, बाजू तासल्यासारख्या. कांद्याच्या चाळी आणि डाळिंबाच्या बागा यांच्यामधून एक भलामोठा नवाकोरा रस्ता धावत होता. त्या रस्त्यावरच गाव लागलं. एसटीचा पत्र्याचा थांबा, मागे ग्रामपंचायतीची लांबलचक भिंत आणि सगळीकडे डोळे दिपवणारं ऊन.

"चिंच कुठंय?" उतरता उतरता मी विचारलं.

कल्पनाताईंनी रस्त्याच्या मधोमध बोट दाखवलं. तिथून कांद्याचा एक ट्रक भरधाव निघून गेला.

रस्ता रुंद करताना झाड तोडलं होतं. ग्रामसभेत विषय निघाला तेव्हा गावाने हात वर करून होकार दिला. "मी बी हात वर केला होता," कल्पनाताई म्हणाल्या. "मी तवा सरपंच नव्हते. पन हात तर केलाच ना." विरोध फक्त एकीने केला, गजराबाईंनी. चिंचेखाली त्या भेळभत्ता विकायच्या. त्यांच्या सासूनेही तिथेच विकला होता. सभेत त्या उठून म्हणाल्या, रस्ता जरा वळवून न्या. लोक हसले. झाड गेलं, तशा त्या सटाण्याला लेकीकडे निघून गेल्या.

आम्ही कामाला लागलो. पहिला फटका भिंतीनेच दिला. पांढरा प्रायमर वाळला आणि त्यातून सिमेंटच्या जुन्या जाहिरातीची लाल अक्षरं हळूहळू वर आली. पॉलिश पेपरने भिंत घासून काढताना आमच्या भुवया, केस, सगळं गुलाबी झालं. जेवायला कल्पनाताईंकडे कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची) आणि शेंगदाण्याची चटणी. हेमंतने इतकी खाल्ली की दुपारी त्याला शिडीवर चढवेना.

झाड कसं होतं हे विचारलं, की प्रत्येकाचं झाड वेगळं निघे. कोणी म्हणे ढोली उगवतीला होती, कोणी म्हणे मावळतीला. थांब्यामागे शिलाई मशीन टाकून बसणारे रशीदचाचा पूर्वी झाडाच्या बुंध्याशीच बसत. ते टेप गळ्यात घालून माझ्यामागे उभे राहत. "ताई, फांदी अजून खाली. माझी टोपी अडकायची तिथं." सांगताना ते हसत, आणि मग मशीनकडे परत जात. नवरा-बायको वाद घालत, शाळेतल्या बाई वर्ग घेऊन येत. झाड होतं तेव्हा त्याच्याकडे इतकं कोणी पाहिलं असेल असं वाटत नाही. तोडलेल्या झाडाबद्दल बोलायला मात्र सगळं गाव येत होतं.

फोटो एकच मिळाला, कोणाच्या तरी वरातीतला. त्यात घोड्यामागे चिंचेचा बुंधा दिसत होता आणि बुंध्याशी टोपली घेऊन बसलेल्या गजराबाई.

"त्यांना पन घ्या," कल्पनाताई म्हणाल्या. रशीदचाचांनी मान हलवली. "बरोबर बोलल्या. गजराबाई पाहिजेच. मग त्या खूश होऊन परत येतील." जमलेल्या सगळ्यांनाच ते पटलं. मलाही पटलं. हिरवं लुगडं, मांडीजवळ टोपली, हातात कागदाचा कोन. चेहरा मी जीव लावून रंगवला. त्यांना विचारावं हे ना गावाच्या मनात आलं, ना माझ्या. सटाण्यातूनच तर आम्ही आलो होतो.

काम संपत आलं तेव्हा त्या आल्या. कोणीतरी मोबाइलवर चित्र पाठवलं होतं. एसटीतून एक सडपातळ म्हातारी उतरली. मी ओळखलं, कारण तो चेहरा मला तोंडपाठ झाला होता. थांब्यावरची माणसं उठून उभी राहिली. कल्पनाताई धावत आल्या. "मावशी, पाहा ना, तुम्ही बी आहात!"

गजराबाई भिंतीसमोर बराच वेळ उभ्या होत्या. फांद्यांवरून नजर फिरली, रशीदचाचांच्या मशीनवर आली, मग स्वतःवर. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तू काढं का?" (तू काढलंस का?)

"हो."

"चांगलं शे (आहे). झाड चांगलं शे." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "माले तठेन काढी टाक." (मला तिथून काढून टाक.)

"अहो मावशी, तुमच्या मानासाठीच तर..." कल्पनाताई चाचरल्या.

"झाड व्हतं तवय कोनी माले इचारं नही," त्या शांतपणे म्हणाल्या. "आते (आता) बी नही इचारं. मी अठे ऱ्हास (इथे राहते) का? नही ना? मंग?"

थांब्यावरची माणसं भिंतीकडे पाहू लागली. कल्पनाताईंनी मला दंडाला धरून बाजूला नेलं. "राहू द्या हो. राग निवळल त्यांचा." मी भिंतीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "ताई, चेहरा त्यांचा आहे," मी म्हटलं आणि बुंध्याचा तपकिरी रंग ढवळायला घेतला.

आधी लुगडं गेलं, मग टोपली. सगळ्यात शेवटी चेहरा. गजराबाई उन्हात उभ्या राहून पाहत होत्या. रशीदचाचांनी त्यांच्यासाठी स्टूल आणून ठेवलं. त्या बसल्या नाहीत.

परतीची एसटी बराच वेळ आली नाही, म्हणून त्या आमच्या जीपमधून सटाण्याला निघाल्या. कल्पनाताई खिडकीची कड धरून उभ्या. ओठ हलले. शेवटी एवढंच बाहेर पडलं, "मावशी, येत जा."

"पाहू," गजराबाई म्हणाल्या.

वाटेत त्या हेमंतशी डाळिंबाच्या बागांबद्दल बोलल्या, नातीच्या परीक्षेबद्दल बोलल्या. झाडाचा विषय त्यांनी काढला नाही आणि विचारायचं मला धाडस झालं नाही. सटाण्यात एका वळणावर त्या उतरल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मागे न पाहता गल्लीत शिरल्या.

चित्र चांगलं झालं आहे. गडावर जाणारी पोरं आता तिथे थांबतात, फोटो काढतात, असं कल्पनाताई फोनवर सांगतात. तरी त्या गावाची आठवण आली की मला चित्र दिसत नाही. गजराबाईंनी नको म्हटल्यावर थांब्यावर उभी राहिलेली ती सगळी माणसं दिसतात. ‘चुकलं’ एवढा एक शब्द म्हणायला आलेली, आणि तो न म्हणता तशीच उभी राहिलेली. तो शब्द त्यांच्या वतीने मला रंगवता येईल असं वाटलं होतं. तो त्यांनाच बोलायचा होता, आणि जीप सुरू होईपर्यंत कोणीच बोललं नाही.